पाय ठणठणीत असेल तर

२४ जानेवारी
उणे तेहेतीस. तरी वसुकडे हळदीकुंकवाला झाडून सगळ्या हजर. विषय एकच, तिचा तन्मय. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा रिसीव्हर, म्हणजे लांब पळून पास झेलणारा. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये प्रोफेशनल टीम्स एकेक पोरगा उचलतात, त्यात याचा नंबर लागणार म्हणे. कालपर्यंत ज्यांना हा बॉल गोल की लांबट माहीत नव्हतं, त्या "पहिल्याच राउंडला जाईल" म्हणून सांगत होत्या. वीस वर्षं मी इथे कॅनडात, रेजिनात, हा खेळ बघतेय. त्यावरून यांनीच मला हसून घेतलंय. आज एकीनेही विचारलं नाही, मंजू, तुला काय वाटतं?

वाण : स्टीलची गाळणी. घरात आता तीन.

निघताना वसुने किचनमध्ये ओढलं. ऑक्टोबरपासून त.ची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागची शीर, दोनदा धरली. टीमच्या डॉक्टरला सांगितलेलं नाही, सांगितलं तर बसवून ठेवतील. ही रोज मांडीला नारायण तेल चोळते, मीच नागपूरहून आणून दिलेलं. "तुलाच सांगून राहिले हं. बाकी टीममधला त्याचा दोस्त कॉनर, बस."

२५ जाने.
रविवार. दुपारभर फुटबॉलच्या ऑनलाइन फोरमवर. तिथे माझं नाव 'कोच'. सगळ्यांना वाटतं कुणी रिटायर्ड म्हातारा असेल, मीही वाटू देते. शेजारच्या मूसजॉ गावच्या एकाशी जुंपली. तो म्हणे त. दुसऱ्या राउंडला जाणार. मी म्हटलं, सहाव्याच्या आत नाही. गर्दीत बॉल हातांनी घेत नाही, छातीवर घेतो. टक्कर येतेय दिसलं की आधीच अंग चोरतो. खोटं नाही हे. पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून बघतेय.

शिरीष म्हणाला, "तुझा वाद संपला की जेवू."

२७ जाने.
मूसजॉवाला ऐकेना. चार मॅचेसचे आकडे काढून दाखवले. लोक त्याच्या बाजूने. मग मी लिहिलं, आतल्या गोटातून कळतं, ऑक्टोबरपासून हॅमस्ट्रिंग दोनदा गेलीय, टीमपासून लपवलंय.

आधी नुसते लाइक्स. मग "वाव, कोच." मग "कोचला सगळं ठाऊक असतं."

छान वाटलं. इथे तरी खरं लिहावं. छान वाटलं.

३१ जाने.
पोस्ट काढायला गेले. एका दिवसानंतर काढता येत नाही. शिवाय कुणीतरी उचलून मोठ्या साइटवर टाकलीय.

ऑफिसात ब्रिजच्या ड्रॉइंगवर तीच चूक दोनदा केली.

११ फेब्रु.
वसु आली, बूटही न काढता फोन पुढे केला. "हे बघ, काय लिहून राहिला हा कोच!" माझीच वाक्यं. तिच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात, त्यामुळे फारच मोठी दिसली.

त. कॉनरशी बोलत नाहीये. बातमी त्यानेच फोडली असं धरून चाललाय. वसु म्हणाली, "दुसरं आहेच कोण? आपण काय घरातलं बाहेर सांगणार आहो?" आपण म्हणाली. मला धरून.

आणि म्हणे, "तुला समजतं त्यातलं. दे बरं त्याला खणखणीत उत्तर."

चहा टाकला. तिच्या नावाने अकाउंट उघडलं आणि माझ्याच ओट्याशी बसून माझ्याच मुद्द्यांची चिरफाड केली. झकास झाली. ती शेजारी बसून लिंबाची फोड चोखत होती. "कसा माणूस असेल गं हा? याला पोरंबाळं नसतील."

"असतील," मी म्हटलं. माझा लेक ओजस लांब बर्नाबीत असतो, दोन रविवार झाले फोन नाही. पण त्याचा इथे काय संबंध.

१३ फेब्रु.
हे लिहायला नको वाटतंय.

वसुच्या उत्तरात एक भोक होतं. मीच ठेवलेलं, पायाबद्दल खोटं बोलवेना म्हणून तो मुद्दा गाळला होता. मूसजॉवाल्यालाही ते दिसलं नाही. दोन दिवस हात शिवशिवत होते. आज लंच ब्रेकमध्ये कोच होऊन एकच ओळ टाकली : पाय ठणठणीत असेल तर ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीत चाळीस यार्ड पळून दाखवू दे.

का? कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसले असते तर विषय विझला असता. वादात शेवटचा शब्द माझा असला पाहिजे, एवढंच. लग्नात सासूबाईंशीही असंच केलं होतं मी.

१ मार्च
रात्रभर बर्फ. सकाळी त. फावडं घेऊन दारात. नको म्हटलं तरी अख्खा ड्राइव्हवे शोव्हल केला. पाय जपत होता, डावा मागे टाकून. मग आत येऊन पोहे खाल्ले, दोनदा घेतले.

"मावशी, एजंट म्हणतो स्किप द फॉर्टी. फक्त कॅचिंग ड्रिल्स कर. व्हॉट डू यू थिंक?"

विचारलं मला. शेवटी कुणीतरी विचारलं.

म्हटलं, एजंट बरोबर सांगतोय, पळू नकोस.

"देन दॅट कोच गाय विन्स."

"जिंकू दे रे. कोण कुठला कोच."

"नो. ही कॉल्ड मी अ लायर, मावशी. एव्हरीवन्स रीडिंग इट."

तेव्हा सांगता आलं असतं. तो कोच इथे तुझ्यासमोर ओट्याला टेकून उभा आहे, हातात झारा आहे, त्याच्या नादी लागू नकोस. एवढंच. त्या एका वाक्याने तो पळाला नसता. मी विचारलं, आणखी शेव घालू?

२८ मार्च
विनिपेगला चाचणी होती. पळाला. तिसाव्या यार्डाला मांडी धरून खाली.

वसुचा फोन. रडत होती, शब्द कळत नव्हते. तिचे मिस्टर फोर्ट मॅकमरीत कामावर, शिफ्ट सुटेपर्यंत फोन घेऊ शकत नाहीत. म्हणून पहिला फोन मला.

२९ मार्च
फोरमवर अभिनंदनाची रांग. "कोचने आधीच सांगितलं होतं." मूसजॉवाल्यानेही लिहिलंय, सर, मी चुकलो, माफ करा.

माझी माफी मागितली त्याने.

शिरीषला सगळं सांगितलं. हा माणूस फुटबॉलमध्ये झोपतो. पण फोरमची सगळी पानं वाचून काढली, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाला, "तेल तूच आणलं होतंस ना?" मग उठून ताटं घ्यायला गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

५ एप्रिल
सांगायचं ठरवून वसुकडे गेले. त. सोफ्यावर, मांडीखाली उशी, वर बर्फ. आठ आठवडे विश्रांती. मी तोंड उघडणार तेवढ्यात वसुने रिकामी बाटली हातात ठेवली. "मे महिन्यात जातेस ना नागपूरला? दोन आण या वेळेस." घेतली. परत आले. बाटली कारच्या कपहोल्डरमध्ये आहे. वास जात नाही.

१९ एप्रिल
कोचचं अकाउंट बंद केलं. बंद करताना विचारतात, कारण काय? पर्याय होते, त्यातला एकही माझा नव्हता.

पोस्ट्स तशाच राहतात.

२९ एप्रिल, सकाळ
काल ड्राफ्ट. ऑफिसातून तासभर लवकर निघून चारलाच वसुकडे गेले. ती इडल्या लावत होती. त. गराजमध्ये एकटा, स्टूलवर बसून भिंतीवर बॉल टाकून झेलत होता. फक्त हातांनी. छातीवर एकदाही घेतला नाही.

सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, जानेवारीपासून. चाळीस यार्डांची ओळही.

त्याने बॉल हातात फिरवला. मग विचारलं, "द हँड्स थिंग. डिड यू मीन इट?"

"हो."

"ओके." मग, "आई नोज?"

"नाही."

"नॉट टुडे, मावशी. प्लीज." माझ्याकडे बघत नव्हता. लहानपणापासून बघून बोलणारा पोरगा. फोन काढून अंगणात गेला. काचेतून एवढंच ऐकू आलं, "कॉनर, मॅन, इट्स मी."

मग बसलो. आठ राउंड. वसु माझ्या शेजारी, माझा हात तिच्या मांडीवर घट्ट धरून. प्रत्येक नावाला विचारायची, "हा कोण गं? आपल्या तन्मयपेक्षा चांगला आहे?" मी सांगत होते. दुसरा राउंड गेला. सहावा गेला. त.चा फोन टेबलावर इडल्यांच्या शेजारी पालथा. शेवटचं नाव झालं तेव्हा कुणी टीव्ही बंद करेना.

रडू मला फुटलं. वसुने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. तिने मला. "वेडी का तू? तू कशाला रडून राहिली? तू तर किती केलं त्याच्यासाठी." तिच्या खांद्यावरून त. दिसत होता. त्याने मान खाली घातली आणि इडलीचे तुकडे करत बसला.

आता पावणेदहा. ऑफिसला आज रजा टाकलीय. मघाशी वसुचा मेसेज आला. दहाला येते चहाला, एखादी टीम नुसती ट्रायलला तरी बोलावते का ते तूच शोधून दे, तुझ्याइतकं कोणाला समजतं. शिरीष मुद्दाम ग्रोसरीला गेलाय. मी पोहे भिजवलेत. रिकामी बाटली कारमधून आणून टेबलावर ठेवलीय, का ते माहीत नाही, काहीतरी समोर असलेलं बरं.

तो म्हणाला होता, आज नको. ते काल होतं.

तिची गाडी आली.