खाकी कव्हरातली म्हैस

निघोजे,
१८ ऑगस्ट २०२४

चि. विजयश्रीस,
भैरूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी पुस्तकं मिळून बरेच दिवस झाले आणि पोच आज लिहितोय, याबद्दल रागावू नकोस. आधी एक पत्र लिहिलं होतं. ते टाकायला पोराकडे, समाधानकडे, दिलं, तर त्याच्या डब्याच्या पिशवीत राहिलं आणि त्यावर वांग्याच्या भाजीचं तेल सांडलं. पुन्हा लिहायला बसायचं जिवावर आलं होतं. फोन करावा तर मला अर्धंच ऐकू येतं, आणि राहिलेल्या अर्ध्याचा घोर नंतर लागतो. म्हणून पत्रच बरं.

तुझी काकू गेल्यापासून नातीला, निशूला, दिवसभर मीच सांभाळतो. चार वर्षांची पोर, पण तिच्या मागे घास घेऊन फिरताना माझी कंबर धरते. मग मी तिच्या हातात मोबाइल देतो आणि आडवा होतो. हे सूनबाईनं पाहिलं. अंजली ओरडली नाही. कंपनीत पॅकिंगला दिवसभर उभी राहून आलेली, तिच्यात ओरडायचं त्राण तरी कुठलं? एवढंच म्हणाली की दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं तर निशूला चाकणच्या पाळणाघरात घालू. सकाळी व्हॅन नेईल, संध्याकाळी आणून सोडेल. समाधान मान खाली घालून जेवत होता, म्हणजे त्यालाही पटलंच. अगं, पोरीला गाडी लागते. कंटेनरच्या रांगेत ती व्हॅन अडकली तर पोरीचं काय होईल? आणि खरं सांगू, ती गेल्यावर या दोन खोल्यांत दिवसभर मी काय करू?

तू सांगितलं होतंस की रोज पुस्तक वाचून दाखवा. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं राखून. पत्र लिहिणं जमतं, शब्द आपलेच असतात; पण छापलेलं वाचताना बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. तरी तुझ्या पुस्तकांची मी चांगली निगा राखलीय. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली, वर ठळक नावं लिहिली आणि देवाच्या फळीवर ठेवली, पोरीनं फाडू नयेत म्हणून. पण ती पुस्तक मागतच नाही. राग मानू नकोस, त्यात वाचायलाही फारसं नाही. एका अख्ख्या पानावर 'म्हैस भिजली' एवढंच. म्हणून चाकणच्या बाजारातून मी बोधकथांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलंय. गोष्ट संपली की मी निशूला तात्पर्य विचारतो. ती मोबाइल मागते.

नेमकं कोणतं पुस्तक घ्यावं ते तू सांग. दिवाळी काही लांब नाही. वहिनींना नमस्कार. या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
भैरूकाका


दापोडी,
२७ ऑगस्ट २०२४

ती. भैरूकाकांस,
विजयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बालवाडी सुटल्यावर तिथंच वाचलं आणि आमच्या मदतनीस सुमनताईंनाही वाचून दाखवलं. काकांनी पुस्तकांना गणवेश घातला, असं म्हणून त्या खुर्चीत बसून हसत राहिल्या. तुम्ही रागावू नका. सध्या आमच्याकडे सर्दीतापाची साथ आहे, निम्मी मुलं खोकतात, मीही खोकते, त्यात तेवढंच हसणं झालं.

पण काका, निशूला अक्षरं कुठे येतात? तिच्या दृष्टीनं वरचं चित्र हेच पुस्तकाचं नाव. ते तुम्ही झाकलंत. आता सगळी पुस्तकं एकसारखी, त्यात देवाजवळ ठेवलेली. तिनं मागायचं तरी काय? ती कव्हरं काढा आणि पुस्तकं खाली सतरंजीवर मांडा. निवडायचं काम तुम्ही करूच नका, तिला करू द्या. फाटलं तर चिकटवू.

पुढे कधी तुम्हाला घ्यावं लागलंच तर चित्रात काहीतरी घडतंय का ते बघा. तिच्या रोजच्या बघण्यातलं काही असेल तर उत्तम. शब्द थोडे असावेत, म्हणजे तिचे डोळे चित्रावर हिंडत असताना तुमचं वाचून होतं, आणि तुम्हालाही दम लागत नाही. वाचून झाल्यावर काही विचारू नका. परीक्षेचा वास मुलांना लांबून येतो. तात्पर्याचं पुस्तक दुपारी तुम्हीच वाचा, झोप छान लागेल. एकच पुस्तक ती पुन्हा पुन्हा मागेल. कंटाळा येईल, मलाही येतो, तरी वाचा.

आई विचारत होती की भैरूभावजी वेळेवर जेवतात का. तिचे गुडघे तसेच आहेत. तब्येतीला जपा आणि आम्हांवर अशीच माया ठेवा.

तुमची,
विजयश्री


निघोजे,
२० ऑक्टोबर २०२४

चि. विजयश्रीस,
काकाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कव्हरं काढली. इतक्या नीट घड्या घातलेल्या, काढताना जिवावर आलं. सतरंजीवर पुस्तकं मांडली तर पोरीनं नेमकी ती भिजलेली म्हैसच उचलली. पावसात त्या म्हशीला रिक्षावाला घेत नाही, टेंपोवाला घेत नाही, शेवटी कंटेनरवाला घेतो. आमच्या दारावरून दिवसभर कंटेनरच जातात. निशूनं त्यावर बोट ठेवून सांगितलं की हा पप्पांच्या कंपनीचा.

तेव्हापासून सकाळी म्हैस, जेवताना म्हैस, झोपताना म्हैस. माझा घसा बसला. मोबाइल पूर्ण सुटलाय असं मी म्हणणार नाही. कंबर फार धरली की अजून देतो, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण एक दिवस मी 'ताडपत्री' या शब्दाशी अडलो. निशूनं मान वर न करता तो शब्द सांगितला. तिला सगळं पाठ झालं होतं. त्या दिवसापासून माझं बोट धरून तीच ओळीवर ठेवते. मी अडलो की थोडं थांबते, मग सांगते, आणि वर घाई करू नको म्हणून दटावतेही.

गेल्या रविवारी व्हॅनवाला किसन पाळणाघराचं पक्कं करायला घरी आला. अंजलीनं त्याला चहा दिला आणि निशूला बोलावून किसनकाकांना नाव सांग म्हणाली. निशूनं नाव सांगितलं आणि माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाली, "मी नाही येत. आबाला अजून वाचता येत नाही. मी गेले तर त्याला कोण शिकवणार?"

किसन हसला. समाधान भिंतीकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंजली मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडे बघून हे खरं का असं विचारलं. मी म्हणालो, खरं आहे, संयुक्त अक्षर आलं की मी अडतो. मग ती किसनला म्हणाली की आता जूनमध्ये बघू. तो गेल्यावर भांडी गोळा करता करता मला म्हणाली, "आबा, तोवर सगळं शिकून बसू नका म्हणजे झालं."

ती थट्टेत बोलली, पण मला तोच घोर लागलाय. ती म्हैस आता मला घडाघडा येते. काल कुठेही न अडता शेवटपर्यंत वाचलं तर निशू माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि पुस्तक मिटून खेळायला गेली. संध्याकाळी मी मुद्दाम अडखळलो. तिनं लगेच ओळखलं आणि लबाडी करू नको म्हणाली.

तेव्हा आता दुसरं पुस्तक बघ. तुझ्या नियमाप्रमाणे शब्द थोडेच असू देत, पण असे निवड की मी खरोखर अडेन. जून फार लांब आहे. वहिनींना सांग की मी वेळेवर जेवतो, आणि आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस. पुस्तक मागाहून आलं तरी चालेल, पण पाठवतेस एवढं तरी दोन ओळींत लवकर कळव.

तुझा,
भैरूकाका