न तपासलेला पॅच

मंगळ., ७ एप्रिल
माझा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, घेतला गेला. कर्नेलच्या, म्हणजे राउटर चालवणाऱ्या खुल्या प्रणालीच्या गाभ्याच्या, नेटवर्किंगचा तो भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरची मेल: "घेतला. आभार." एवढंच. खाली माझं नाव आणि मीच लिहिलेली ओळ, बहात्तर तास चाचणी केली, एकदाही यंत्र गोठलं नाही.
पुण्याहून कंपनीतल्या दे. सरांचा फोन. "आता तुला पर्मनंट करायचं पत्र टाकतो एचआरकडे." मी नुसतं 'हं' म्हटलं. फोनवर न अडखळता तेवढंच जमतं.
आत्या म्हणाली, "म्हंजे पास झालीस म्हण की."

बुध., ८
दोष पुन्हा लिहून काढते.
जोडणी बंद झाली की तिची मेमरी सोडून दिली जाते. नेमका त्याच क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर त्या जोडणीचा टायमर वाजला, तर तो सोडलेली मेमरी वाचतो आणि राउटर गोठतो. वेळ जुळली तरच. मी काय केलं, तर मेमरी सोडण्याआधी टायमर रद्द केला.
न वाजलेला टायमर रद्द होतो. पण वाजायला लागलेला?

शुक्र., १०
सापडलं. चाचणीच्या बिल्डमध्ये, म्हणजे यंत्रावर चढवलेल्या आवृत्तीत, माझी लॉगची, नोंद लिहिणारी, एक ओळ राहून गेली होती. लॉग लिहिण्यात टायमरचा जरासा वेळ जातो, तेवढ्यात दुसरीकडचं काम उरकतं, दोघांची गाठच पडत नाही. म्हणजे ते बहात्तर तास त्या ओळीने निभावले, माझ्या पॅचने नाही. पाठवलेल्या पॅचमध्ये ती ओळ नाही. जे पाठवलं ते मी तपासलेलंच नाही.
ओळ काढून दुपारी चाचणी लावली. आज पाण्याचा दिवस, गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. व्होल्टेज पडलं, यंत्र बंद. उद्या पहिल्यापासून.

शनि., ११
सहा तास वीस मिनिटांनी गोठलं.
मूळ तक्रार ज्यांची, ते नातेपुत्याचे शिंदे, गावात इंटरनेट पुरवतात. त्यांना मागच्या आठवड्यात नवं बिल्ड दिलंय. आज स्वतःहून फोन. "मॅडम, लई बेस. पयलं दिवसातनं चारदा पडायचं, आता आठवड्यात एकदाच."
"ए... एकदा पडलं?"
"लाईटमुळं असंल हो. पयलं लोक घरी येऊन भांडायचे, आता फोनवर भांडत्यात. सुधारणाच हाय की."
लाईटमुळे नाही. सांगता आलं नाही.

सोम., १३
आत्याला सगळं सांगितलं. अडखळते म्हणून मला शाळेत उशिरा घातलं, चौथीपर्यंत हिनेच, शाळेतली मास्तरकी सांभाळून, घरी शिकवलं. गणित सुटलं की पहिलं उत्तर हाताने झाकून दुसऱ्यांदा करायला लावायची. मला वाटलं, म्हणेल आत्ताच्या आत्ता कळव.
ती शेंगा फोडत होती. "कुणाच्या ध्यानात आलंय का?"
"नाही."
"मग पत्र हातात पडू दे. मग सांग."
"आत्या, तूच..."
"मी आयुष्यभर खरंच सांगत आले. शाळेनं काय हार घातले व्हय मला?"
यंत्र गोठलं तेव्हा नव्हती वाटली एवढी भीती वाटली.

मंगळ., १४
सुट्टी. रस्त्यावर मिरवणूक, खिडक्या थरथरतायत. खरी दुरुस्ती कागदावर मांडून बघितली. वाजणारा टायमर संपेपर्यंत थांबायचं. पण थांबणाऱ्याच्या हातात कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, आणि टायमरलाही संपायला तेच कुलूप हवं. दोघं एकमेकांची वाट बघत कायमची अडकणार. म्हणजे माझ्याकडे दुरुस्ती नाही. फक्त कबुली आहे.

बुध., १५
सरांना फोन केला. 'चाचणी'वर तीनदा अडकले. त्यांनी ऐकून घेतलं, घाई केली नाही. मग, "सुधारणा तर झाली ना? पुढचा पॅच तयार झाला की पाठव. आधीच्याबद्दल कशाला लिहायचं?"
"तयार नाहीये."
"हे बघ, नाव तुझं एकटीचं नाही, कंपनीचंही आहे. या आठवड्यात नको."

गुरु., १६
लिहिलं. माझी चाचणी ग्राह्य धरू नये, कारण असं असं. पॅच मागे घ्यावा. दुसरी दुरुस्ती माझ्याकडे अजून नाही, टायमरसाठी थांबलं तर कुलपावर अडकेल. सात वेळा वाचून अकरा दहाला मेंटेनरच्या मेल-यादीवर पाठवलं. ती यादी सगळ्या जगाला दिसते. मग शिंद्यांना मेसेज, की लाईटचा दोष नव्हता, आमचाच होता. मग सरांना. निळ्या खुणा आल्या, तेवढंच.
आत्याने विचारलं, "धाडलंस?" हो म्हटलं. ताट वाढलं तिने.

शनि., १८
मेंटेनरचं उत्तर आलं. पॅच काढला. रागाचा शब्द नाही, नुसता एक प्रश्न: टायमर वाजतो तेव्हा ते कुलूप नेमकं कुणाकडे असतं? तू पाहिलंस, की अंदाज?
अंदाज. तसंच कळवलं.
एचआरकडून काही नाही. सोमवारच्या मीटिंगचं आमंत्रण सगळ्यांना गेलंय, मला नाही. उशीर झाला असेल. कंपनीचं लॉगिन सकाळपासून तीनदा बघितलं, अजून चालतंय.
चालतंय तोवर कुलूप कुणाकडे असतं ते बघून घेते.