मसाई पठारावरून उतरताना

प्रिय काका,

तुम्ही गेल्यावर पत्र लिहायचं धाडस होत नव्हतं. पण काल आम्ही पन्हाळ्याहून परत आलो. आज आई दुपारची गाढ झोपली आहे, आणि हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

यावेळी हट्ट आईचा होता. "मला मसाई पठारावर जायचंय," ती म्हणाली. मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, "तू येतेस की मी एकटी जाऊ?" मग काय, तुमचे जावई, तुमचा नातू, सगळेच निघालो. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट काही दिवसांची, पण आपण तेव्हा चाललो होतो तेवढाच टप्पा चाललो. पन्हाळ्याहून खाली, पठारावर चढून पलीकडं कुंभारवाडीत उतरायचं.

तुम्हाला आठवतं, मी तेव्हा आठवीत होते? तुमचं नि आईचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मावशी येता-जाता म्हणायची, "मुलगी मोठी झालीय, आता कशाला हा घाट?" मी तुमच्याशी फक्त हो-नाही बोलायचे. तुम्ही होटगीहून ड्यूटी संपवून यायचा, माझ्या खोलीच्या दाराशी थांबून विचारायचा, "जेवलीस का गं?" आणि उत्तराची वाट न बघता जायचा. बाबा म्हण, असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे! भिंतीवर माझ्या बाबांचा फोटो होता, त्याला हार तुम्हीच आणायचा.

त्या थंडीत तुम्ही म्हणालात, "चला, डोंगर दाखवतो. पावसात लई गर्दी असती, आत्ता सगळी वाट आपलीच." सोलापूरच्या पोरीला डोंगर कुठला ठाऊक! पठारावर पोचलो तर वाळलेलं सोनेरी गवत आणि बोचरा वारा. आपण देवीच्या देवळामागं आडोशाला बसून कडक भाकरी, शेंगाचटणी खाल्ली. मी तुमच्याकडं पाठ करून बसले होते. तुम्ही दह्याचा डबा गुपचूप माझ्या बाजूला सरकवलात.

आणि मग तो उतार. गवतावरून आईचा पाय सटकला, घोट्यात मुरगळला. बघता बघता सुजून केवढा झाला! तिला पाऊल टेकवेना. मोबाईलला रेंज नाही, आसपास माणूस नाही. मी रडायलाच लागले. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी अशीच उभी होते, काहीच न करता. आता आईपण, असंच मनात आलं.

तुम्ही ओळखलंत का ते? कारण तुम्ही आधी आईकडं नाही, माझ्याकडं बघितलंत. "मोडलं न्हाय, मुरगळलंय. आईला काही होत न्हाय. पिशव्या तू घे. वाट बघत पुढं चाल, कुठं घसरतंय ते सांग मला." मला काम दिलंत! रडू कुठं पळालं कळलं नाही.

मग तुम्ही आईपुढं खाली बसलात. "बसा पाठीवर."

"अहो, काहीतरीच! लोक बघतील."

"कुठले लोक? दोन म्हशी हायत फक्त. आणि मैंदर्गीचा हाय मी, ज्वारीची पोती उचलल्यात."

"म्हणजे मी पोतं होय!"

आणि आई हसली. काका, बाबा गेल्यापासून ती हसायची ते ओठांपुरतं. त्या दिवशी ती तुमच्या पाठीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुम्हीही हसत होता, त्यामुळं धड चालता येईना. मी पुढं उभी राहून बघतच राहिले. आपली आई अशी हसते हे मी विसरूनच गेले होते.

थोडं उतरल्यावर तुम्ही थांबलात. घामानं चष्मा धूसर झाला होता आणि दोन्ही हात गुंतलेले. मी जवळ आले, तुमचा चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत नीट लावला. "दिसतंय का, काका?" मी आपणहून तुम्हाला मारलेली ती पहिली हाक.

"लख्ख दिसतंय की!" एवढंच म्हणालात. पण चष्मा पुन्हा धूसर झाला होता. मला कळलं होतं बरं का!

कुंभारवाडीत एका घरच्यांनी पाय शेकायला गरम पाणी दिलं, आपल्याला दुधाच्या जीपमधून स्टँडपर्यंत पाठवलं. परतीच्या एसटीत मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. तुम्ही सोलापूर येईपर्यंत हललाच नाहीत, असं आई सांगते.

एक तक्रार आहे. सांगू? आम्हाला उचलताना तुम्ही कधी लाजला नाहीत. मग स्वतःच्या छातीत दुखायला लागल्यावर कुणाला न सांगता रिक्षा करून दवाखान्यात एकटे का गेलात? मी आपल्याच भागात, जुळे सोलापुरात, दोन गल्ल्या सोडून होते. एक फोन करायचा होता की!

जाऊ दे. रागावणार नाही. काल आई त्या उतारावर नातवाचा हात धरून हळूहळू उतरली. साडीवर बूट घातले होते तिनं! खाली पोचल्यावर बराच वेळ डोंगराकडं बघत बसली. मला वाटलं, आता रडेल. तर म्हणाली, "इथून पुढची वाट कशी आहे गं?"

तुम्ही गेल्यावर सगळे तिला सांगत होते, आता घरात बस, जिवाला जप. त्यात मीही होते. पण नाही, काका. मी तिला घरात बसवून ठेवणार नाही. पुढच्या थंडीत कुंभारवाडीपासून पुढं निघू. दमली तर थांबू, पण वाट तीच ठरवेल.

तुमची,
मृणाल