दामोदरने जोडलेला संगणक

७ डिसेंबर
संगणक गेला. पालघर स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, बोर्ड मेलाय. ह्याचा बोर्ड आता मिळत नाही." डिस्क शाबूत आहे म्हणतो. म्हणजे ग्रंथ आहे, परंतु वाचता येत नाही. हेत्वाभासांवरचे, म्हणजे फसव्या युक्तिवादांवरचे, माझे सारे लेखन संगणकाच्या कंपनीच्याच प्रणालीवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये आहे. अन्य यंत्रावर ती फाइल उघडत नाही. दुसरी प्रत केलेली नाही. नवा संगणक निवृत्तिवेतनात बसत नाही. येथे थांबते.

९ डिसेंबर
दामोदर भावोजी सरावलीहून आले. आमचे हे तारापूरच्या कारखान्यात होते तेव्हा भावोजी त्यांच्याच हाताखाली इन्स्ट्रुमेंट विभागात. हे गेल्यापासून घरातल्या फ्यूजपासून माझ्या मोतीबिंदूपर्यंत सारे तेच पाहतात. येताना मुरबे गावचे सुके बोंबील. "वहिनी खात नाय ते ठाव हाय. मांजर तरी खाईल."
यंत्र उघडून पाहिले. डिस्क काढून रुमालात गुंडाळली.
"आपन घरीच बांधू. साधे पार्ट, वर तीच सिस्टिम चढवायची."
"कंपनीला मान्य आहे?"
"कंपनी नाय म्हनते. लोक करतात. कुठला पार्ट घ्यायचा, कुठला नाय, सगळं लिवलेलं हाय."
माझी एकच अट. जमले नाही तर जमले नाही असे सांगायचे.
"तुमच्याशी खोटं बोलून मी जानार कुठं?"

१० डिसेंबर
कंपनीची शर्त: प्रणाली फक्त तिच्याच यंत्रावर. माझा पक्ष: प्रणालीचे मोल मी यंत्रासोबत एकदा दिले; यंत्र मेल्याने हक्क मरत नाही. प्रतिपक्ष: दिलेले मोल त्या यंत्रापुरते होते. प्रतिपक्ष बळकट आहे. तरीही संमती दिली. ग्रंथ अडकलेल्या माणसाची संमती.

२१ डिसेंबर
सरावलीला गेले. जेवणाच्या टेबलावर उघडे यंत्र, तारा, पंखा. मंदा (दा.ची बायको) म्हणाली, "त्यानं टेबलावर घर केलंय. आमी खाली बसून जेवतो." पडद्यावर पांढरी पट्टी निम्म्यापर्यंत भरते आणि थांबते. खिडकीतून शेजारचा कामगार: "चाचा, चालू हुआ क्या?" दा.: "होगा रे, ड्यूटी पे जा." मला म्हणाले, ग्राफिक्स कार्ड रुसलंय, मनवतो.
पट्टी पुन्हा निम्म्यावर. बोलायला हवे होते की नको,

२ जानेवारी
दा.नी यंत्र आणून लावले. चालते. खाली चिन्हांची तीच ओळ, वर तीच करडी पट्टी, मागे तोच डोंगर. चौथे प्रकरण उघडले. मजकूर जागच्या जागी. डोळ्यांत पाणी आले, ते मोतीबिंदूच्या नावावर खपवले. पानाखालच्या टिपा मात्र दिसत नाहीत.
"नवीन व्हर्जन हाय, वहिनी. आत असतील."
शिरा केला. दा.नी दोनदा घेतला. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितले की आमच्या भावोजींनी असे असे केले.

९ जानेवारी
टिपा अजून नाहीत. मूळ मजकूर कोणत्याही पाठ्यपुस्तकातून पुन्हा जुळवता येईल. टिपा येणार नाहीत. बाजारात, एस.टी.त, दवाखान्याच्या रांगेत कानांनी टिपलेले युक्तिवाद आहेत ते. नवापूरच्या कोळणीचे: "पहिलं गिऱ्हाइक चश्मेवालं आलं का म्हावरा उरतो. बाय, चश्मा काढून उभी ऱ्हा." हे आठवते, कारण मी चष्मा काढला होता. बाकीचे शेकड्यांनी होते, स्मरणात मोजकेच. ग्रंथ म्हणजे तेच.
दा.ना फोन. "दोन दिस थांबा. व्हर्जनचं हाय."

१४ जानेवारी. संक्रांत.
उज्ज्वला तिळगूळ घेऊन आली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता पालघरला अक्षरजुळणी करते, ग्रंथ तिलाच द्यायचा आहे. यंत्रापुढे बसली, एकदोन चिन्हे उघडून पाहिली.
"मॅडम, ही ती सिस्टिम नाही."
"म्हणजे?"
"ही फुकटची, वेगळी. वरून तिच्यासारखी सजवलीय. चिन्हं, पट्टी, डोंगर, सगळं. तुमच्या फाइलमधला नुसता मजकूर काढून ह्यात ओतलाय. टिपा त्यात आल्याच नाहीत."
"चुकून असे होऊ शकते?"
"सजावट चुकून होत नाही, मॅडम."
मूळ फाइल जुन्या डिस्कवर असेलच, म्हणाली. तिच्या भावाकडे त्या कंपनीचा संगणक आहे, जोडून पाहता येईल. मग म्हणाली: "फक्त ती तशीच ठेवलेली हवी. स्वस्तात काम करणारे जुनी डिस्क मोकळी करून दुसरीकडे वापरतात."
ती गेल्यावर तिळगूळ डब्यात ठेवला. तोंडात घालावासा वाटला नाही.

१६ जानेवारी
दा. आले. चहा ठेवला नाही. त्यांच्या ते लक्षात आले.
मी: "ही ती प्रणाली आहे का? होय की नाही?"
दा.: "तुमचं काम होतंय ना?"
मी: "मी ते विचारलेले नाही."
दा.नी यंत्र बंद केले. मग: "नाय. ते कार्ड त्या सिस्टिमला चालतच नाय. मी घेतलं तेच चुकीचं. चार येळा चढवली, चार येळा लटकली."
"मग सांगितले का नाही? अट होती."
"तुमाला 'नाय जमलं' सांगायचं म्हंजे परीक्षेला बसायचं, वहिनी. का नाय, कशावरून नाय, आधी का नाय सुचलं. साहेब होते तेव्हा ते मधे पडायचे. आता कोन हाय? वाटलं, दिसायला तसंच केलं तर वहिनीला बरं वाटंल. तुमी शिरा केलात. मंग तर बोलायची सोयच नाय ऱ्हायली."
मी म्हणाले, शिरा हे असत्याचे कारण होऊ शकत नाही.
दा. हसले. मी हसले नाही.
त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल. तथापि माझा कठोरपणा सिद्ध झाल्याने त्यांचे असत्य असिद्ध होत नाही. अनोळखी माणसाने यंत्र लावले असते तर मी प्रणाली तपासली असती. दा.चे तपासले नाही, कारण ते ह्यांचे माणूस, आणि माझे.
ते जायला निघाले तेव्हा दारातच विचारले: "डिस्क कुठे आहे?"
"कपाटात. देतो आनून."
"तशीच आहे?"
"हाय की."
दारातून म्हणाले, दुसरं कार्ड टाकून खरी सिस्टिम चढवून देतो.

२१ जानेवारी
डिस्क आली नाही. फोन वाजत राहतो. उचलत नाहीत. आजवर असे कधी

२४ जानेवारी
रिक्षाने सरावली. दा. घरी नाहीत, मुरब्याला भावाच्या बोटीवर गेले, दोन-तीन दिवस समुद्रात. कारखान्यात लागल्यापासून बोटीवर पाऊल ठेवले नव्हते त्यांनी. मंदाने बसायला सांगितले, सरबत केले, कपाटातून रुमाल आणला.
"तुमी आल्या तर द्यायला सांगितलंय. म्हनाले, पुसून ठेवलीय."
मी विचारले, पुसून म्हणजे?
"पुसून म्हंजे पुसून."
"फडक्याने? की आतले सारे पुसून, मोकळी करून?"
मंदा: "वहिनी, मला त्यातलं काय कळतं? त्यानं म्हटलं ते मी म्हटलं." मग हळूच: "त्याला झोप लागत नाय हो. काय बोलल्या तुमी त्याला?"
सरबत पूर्ण घेतले. उठले.
डिस्क आता समोर आहे. धुळीचा कण नाही. फडक्याने पुसलेली डिस्क स्वच्छ असते. मोकळी करून कोणाला द्यायला काढलेलीही स्वच्छच असते. दोन्ही पक्षांत सारखा आढळणारा हेतू, म्हणजे खूण, काहीच सिद्ध करत नाही, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आले. उज्ज्वला नाशिकला आहे, सोमवारी येईल. प्रत्यक्ष पाहणे सोमवारपर्यंत नाही. अनुमान चालत नाही. उरतो शब्द, आणि शब्द विश्वासू माणसाचाच प्रमाण मानायचा असतो.
"हाय की," असे तो म्हणाला होता. दारात उभा राहून, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता. की बघून? तेवढे नीट आठवावे म्हणून संध्याकाळपासून बसले आहे.