डाव्या हाताचा माऊस

मंगळवार, ता. ९

ती. दादास,

नमस्कार. आम्ही ठीक, तुम्ही ठीक असाल, वहिनीला विचारलंय म्हणून सांग. झालं नमन. आता मला हे सांग, मला न विचारता माझ्या पोरीला पार्सल पाठवायला तुला कुणी सांगितलं? मामा आहेस ते कबूल. पण मी आई आहे ना? का मेले मी? काउंटरवर पार्सल आलं, आमच्या ह्यांनी सही केली आणि मला न दाखवता सरळ भिंगरीच्या हातात दिलं. विचारलं तर म्हणतात, "मामाने प्रेमाने पाठवलंय, तुझ्या का पोटात दुखतं?" दुखतंय. कशाने दुखतंय ते सांगते, पण मला बोलू दे. मध्ये फोन करून "बरं बरं, बघतो" म्हणायचं नाही. ते तुझं बरं बरं मी वर्षभर ऐकतेय.

तुला वाटत असेल, तू पाठवलेल्या त्या माऊसमधलं हिला काय कळतंय. दादा, आमचं हे कॉम्प्युटरवर गेम खेळायचं दुकान सुरू झाल्यापासून रोज सकाळी शटर उघडून झाडू मी मारते. कीबोर्ड उलटे करून त्यातला चुरा मी पाडते, कुंचल्याने कळा मी साफ करते. शाळा माझी चौथीत सुटली. इंग्रजी मला कीबोर्डवर आहे तेवढीच येते आणि तीही त्याच क्रमाने. पण कुठल्या खुर्चीवर कसला माणूस बसतो ते मला कळांवरून समजतं. उजव्या हाताच्या लोकांचा माऊस उजवीकडे, डावा हात कळांवर. डब्ल्यू पुढे जायला, एस मागे, ए आणि डी दोन बाजूंना. त्या चार कळांवरची अक्षरं पार उडालीत. डावखुऱ्यांसाठी भिंतीकडची शेवटची खुर्ची. तिथे माऊस डावीकडे, आणि उजव्या हाताला आय, जे, के, एल. पुढे, मागे, बाजूला. गेममध्ये शिरून कळा बदलून घ्यायच्या आणि उठताना होत्या तशा करून ठेवायच्या, हा माझा नियम. एकदा एकाने तशाच ठेवल्या, तर पुढचा बसला तो पुढे जायला गेला आणि भिंतीवर आपटला, आणि शिव्या मला!

तर त्या भिंतीकडच्या खुर्चीवर गेले काही दिवस आमची भिंगरी बसते. उजव्या हाताने जेवणारी, उजव्या हाताने पेपर लिहून पास झालेली, आणि मला उत्तर देताना उजवाच हात नाचवणारी पोरगी. पुढच्या महिन्यात तिच्या टीमची मोठी स्पर्धा. टीममध्ये लांबून नेम धरायचं काम हिचं. त्यांचा कॅप्टन, आम्ही त्याला लांब्या म्हणतो, माझ्याकडे रडत आला.

"काकू, हिला सांगा काहीतरी. स्पर्धा तोंडावर आणि ही हात बदलतेय."

"का, डावखुरे खेळत नाहीत?" भिंगरी तिथूनच ओरडली.

"खेळतात ना. पण ते जन्मापासून डावखुरे असतात, सोमवारपासून नाही."

सगळे हसले. मीही हसले. भिंगरी हसली नाही. तिने उजवा हात उचलून मांडीखाली दाबून धरला, थंडी वाजल्यासारखा.

 मग तुझं पार्सल आलं.

आता ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो माऊस पुसायला घेतला. डाव्या हातासाठीच वाकवलेला, अंगठा ठेवायची जागा उजव्या अंगाला. त्या जागेवरचं रबर गुळगुळीत झालंय. वरचं बटण चकाकतंय. दादा, नवा माऊस असा नसतो. असा माऊस व्हायला कुणीतरी त्याच्यावर रोज हात ठेवून बसावं लागतं. तुझ्या घरी डावखुरं कोण आहे? वहिनी कॉम्प्युटरला हात लावत नाही. तू तर उजव्या हाताचा. घड्याळाचा केसासारखा स्क्रू तू उजव्या हाताने उचलायचास आणि आम्हाला श्वास घेऊ द्यायचा नाहीस.

आणि पार्सलमधली ती चिठ्ठी. मी वाचली, हो. माझ्या घरात आलेली चिठ्ठी मी वाचणार. अक्षर वहिनीचं होतं, बोलणं तुझं. "आय, जे, के, एल घेऊ नकोस. बाणाच्या कळा घे. त्या सुट्या आहेत, शेजारची चुकून दाबली जात नाही."

मी ती चिठ्ठी हातात घेऊन झाडूशेजारी बसून राहिले. आमच्याकडे इतके डावखुरे येऊन गेले, बाणाच्या कळा कुणी घेत नाही. त्यांच्या आसपास दुसरं काही नाही, धावायच्या-उडायच्या कळांपर्यंत बोटं पोचत नाहीत. सगळे आय-जे-के-एलवर. सुट्या कळा कुणाला लागतात? ज्याचं बोट भलतीकडे जातं त्याला. ही गोष्ट तुला कुणी सांगितली? पुस्तकात वाचलीस का?

संध्याकाळी तिला समोर बसवलं. आधी गुरगुरली, मग खरं बोलली. उजवा हात कधीकधी ऐकत नाही म्हणाली. माऊस धरला की नेम हलतो. कळा नुसत्या दाबायच्या असतात, तिथे थोडं हललं तरी चालतं, म्हणून हात बदलले. "मामाला सांगितलं होतं," म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

मी कशाला घाबरते? मी म्हटलं, रात्रंदिवस खेळतेस, हात दुखेल नाहीतर काय होईल! तेल लाव, झोप काढ. असं बोलून मी चहा ओतायला उठले. तर मागून म्हणते, "आई, माझा कप अर्धाच भर."

दादा, तुला आठवतंय ना. मला लिहायला लावू नकोस.

आपले अप्पाही असंच म्हणायचे. आधी कप अर्धा, सांडू नये म्हणून. मग सुई ओवायला तुला बसवायचे, नजर गेली म्हणायचे. मग कात्री डाव्या हातात घेतली, आणि गिऱ्हाईकं हसली की स्वतःही हसायचे. टेलर म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांना शेवटी शर्टाचं बटण आई लावून द्यायची. त्या दुखण्याचं नाव आपल्या घरात कुणी काढलं नाही. भिंगरीने अप्पांना पाहिलेलं नाही, तिला काही ठाऊक नाही. निदान माझ्याकडून तरी नाही.

तिला डॉक्टरकडे नेलं. साध्याच, कोपऱ्यावरच्या. त्याने तिला हात पुढे धरायला सांगितलं, कागदावर गोल काढायला सांगितला. गोल नव्हता तो. मग विचारलं, घरात कुणाला असं होतं का? ती म्हणाली, "नाही." मी शेजारीच बसले होते.  मी, जी बसमध्ये कंडक्टरशी भांडते, ती पर्स मांडीवर घेऊन मुकाट बसले. आता त्याने नसांच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलंय, सोमवारी. तोही हेच विचारणार. या वेळी मी सांगणार आहे. पण किती सांगू? अप्पांचं एकट्याचं, की आणखी कुणाचं?

तू घड्याळांचं दुकान बंद केलंस तेव्हा म्हणालास, डोळे थकले. मी मानलं. गेल्या वर्षी आला नाहीस, म्हणालास, प्रवास झेपत नाही. तेही मानलं. फोनवर तुझं सगळं गोड. तुझ्या हातचं पत्र शेवटचं कधी आलं, मी डबा उपसून बघितलं. त्यातल्या ओळी उतरत उतरत खाली गेल्यात. तेव्हा मला वाटलं, घाईत लिहिलंय.

मला तुझी कीव करायची नाही. राग आहे. एवढं एकट्याने धरून बसलास आणि माझ्या लेकीला बाहेरून शहाणपण शिकवलंस, घरात मला अंधारात ठेवून. ती आत्ता त्या खुर्चीवर बसलीय, बाणाच्या कळांवर बोटं ठेवून. चांगली खेळतेय. लांब्या तोंडात बोट घालून बघतोय. आणि मी कळा पुसता पुसता तिच्या मनगटाकडे बघते, आणि तिने वर पाहिलं की फडक्याकडे.

शनिवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. फोन नको. वहिनीच्या अक्षरातलं नको. तुझ्या उजव्या हाताने, तुझ्या अक्षरात, चार ओळी. लिहिता येत असेल तर मी माफी मागेन, पाया पडेन, काय म्हणशील ते. येत नसेल तर कागद वाया घालवू नकोस. शनिवारी स्वतः ये, आणि सोमवारी डॉक्टरसमोर माझ्या शेजारी बस. पत्रही नाही आणि तूही नाही, असं झालं तरी मला उत्तर मिळालंच म्हणून समज.

माझं अक्षर या पानावर हललेलं दिसेल. ते रागाने. दुसरं काही नाही.

तुझी धाकटी,
शनिवारपर्यंत दाराकडे बघत बसलेली