रस्त्यापलीकडची भाकरी

टोकावडे, ६ जानेवारी २०२५

ती. वाल्मिकदादास संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहिते. आमच्या ढाब्यासमोर महिपतशेठनी मोठं हॉटेल टाकलंय. काचा, दिवे, ढीगभर पदार्थ. माळशेजच्या गाड्या तिकडेच वळतात, आमच्या बाकड्यावर मांजर झोपतं. हे म्हणतात, आपणही चायनीज ठेवू, माळा लावू; होळीपर्यंत जमलं नाय तर ढाबा बंद करून भिवंडीच्या गोदामात कामाला जाऊ. मला ढाबा सोडायचा नाय. काहीतरी सुचव.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी संजू

शेणवा, १२ जानेवारी

चि. सौ. संजूस अनेक आशीर्वाद.

पत्र देवापुढे ठेवून विचार करत बसलो. देव गप्पच होता. तुझी वहिनी मात्र म्हणाली, चायनीज खायला संजूकडे कोण जाईल! खरं आहे. शेठची नक्कल केलीस तर कायम त्यांच्या मागेच राहशील. दिवे त्यांचेच मोठे असणार. त्यांना जे करणं जड जाईल ते धर. एकेक भाकरी थापून तव्यावरून थेट ताटात वाढणं एवढ्या मोठ्या हॉटेलला जमायचं नाही. बाकीचे पदार्थ काढून टाक, जिवावर आलं तरी. आणि हरेशराव कितीही कुरकुरले तरी आईचा नेम मोडू नकोस. दिवसाची पहिली भाकरी विकायची नाही, पहिल्या येणाऱ्याला द्यायची.

खुशाली कळवत राहा.

तुझा दादा

टोकावडे, ९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पनीर, पुलाव बंद. आता तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वालाची उसळ, बस. चूल मागून उचलून रस्त्याच्या तोंडाशी मांडली. लोक थापताना बघत उभे राहतात, मग बसतातच. एसटीचे ड्रायव्हर पहिल्या भाकरीसाठी भांडतात. हे स्वतः ठेचा वाटतात. चायनीजचं नाव काढलं की लाजतात!

पण नवा पेच आलाय. शेठची गिऱ्हाईकं भाकरी मागतात, तर रोज टोपलीभर द्या, भाव तुमी म्हणाल तो, असा त्यांचा निरोप आहे. यांना हवंय. तुझं काय मत?

उत्तराची वाट बघते.

तुझी संजू

शेणवा, १४ फेब्रुवारी

चि. सौ. संजूस अनेक आशीर्वाद.

घे की! घरबसल्या कायमचं गिऱ्हाईक मिळतंय, देवाची कृपा समज. दिवसभर चुलीपुढे बसून तुझी पाठ धरते, त्याची मला काळजी वाटते; टोपली एकदाच थापून दिली की मोकळी होशील.

जपून राहा.

तुझा दादा

टोकावडे, २० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी नाय म्हणून मोकळी झाले. आधीच्या पत्रात तू शहाणा होतास, या पत्रात नुसता भाऊ झालास. अरे, रस्ता ओलांडेस्तोवर भाकरी गार होते. आणि तीच समोर मिळाली तर माणसं इकडे कशाला येतील? शेठना कळवलं, गिऱ्हाईकं पाठवा, मी वाढते. हे दोन दिवस माझ्यावर धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने चुलीला उंच ओटा बांधून दिला.

आज सकाळी तवा तापतोय तोच शेठ स्वतः रस्ता ओलांडून आले. पहिली भाकरी त्यांच्याच वाट्याला आली. खाऊन पाकीट काढलं, मी पैसे घेईना. असा धंदा कसा चालतो, म्हणाले. यांनी ठेचा वाटता वाटता मान वर न करताच सांगितलं, की दुसरीपासून पैसे पडतात. शेठनी आणखी दोन मागितल्या.

होळीला वहिनीला घेऊन ये. ढाबा उघडाच असेल. पहिला पोचलास तरच फुकट.

तुझी लाडकी, आणि आता जरा ऐटीतली,
संजू