दोन्या निकोलासाचे अठरा हजार

सुक्रे, २ ऑगस्ट २०२४

चि. रामिरो यास मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू साऱ्या नातेवाइकांना धाडलेले पत्र मिळाले. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून ते सोबत परत करीत आहे. हिशेबाच्या चुका समासात मावल्या नाहीत, म्हणून हे स्वतंत्र पत्र.

‘नव्या घराने पहिल्याच महिन्यात अठरा हजार डॉलर कमावले,’ असे तू लिहिले आहेस. घराने छदामही कमावलेला नाही. पहिलीतल्या मुलाला सांगावे तसे सांगतो. तुझी भाडेकरीण दोन्या निकोलासा हिने तुला अठरा हजारांचे एकरकमी अंतिक्रेतिको दिले. म्हणजे ती दोन वर्षे त्या घरात भाड्यावाचून राहणार आणि मुदत संपताच तू तिची सारी रक्कम, डॉलरमध्येच, जशीच्या तशी तिच्या हातावर ठेवणार. कोचाबांबात हे शेंबड्या पोरालाही कळते. तू मात्र त्या रकमेची मिनीबस घेतलीस आणि किल्याकोल्योच्या देवळापुढे गाडीची पूजा म्हणून तिच्यावर बिअर शिंपडून नाचलास!

खर्चाच्या रकान्यात तू शून्य मांडले आहेस. बँकेचा हप्ता, घरपट्टी, गळके छप्पर, पाण्याचा टँकर हे कोण भरते? तुझी आई, पेन्शनमधून. साधे मासिक भाडे घेतले असतेस आणि वर्षातले दोन महिने घर रिकामे धरले असतेस, तरी हप्ता सुटला असता.

मुदत मार्चमध्येच संपली. पैसे कोठून देणार, ते लिही.

तुझ्यावरचा माझा लोभ अद्याप शिल्लक आहे. तो तरी उडवू नकोस.

तुझा मामा,
सातुर्निनो

कोचाबांबा, १६ ऑगस्ट

ती. सातुर्निनोमामांस सा. न. वि. वि.

तुमचं लालभडक पत्र मिळालं. मित्रांना दाखवलं. ते म्हणाले, तुझे मामा स्वतःच्या कबरीवरच्या दगडातलाही स्वल्पविराम दुरुस्त करून घेतील.

मामा, एका भाडेकरूचे पैसे द्यायला दुसरा आणायचा, सगळे हेच करतात. पण हल्ली डॉलर मिळत नाहीत आणि दोन्या निकोलासा पैसे घेतल्याशिवाय हलत नाही. रोज सकाळी आईच्या दारात येऊन मला विचारते, काय मालक, माझे पैसे नीट धावताहेत ना, की पंक्चर झाले?

तोड निघाली आहे. स्पेनहून परतलेलं एक कुटुंब, आई राहते त्या आजोबांच्या घरासाठी रोख बावीस हजार डॉलरचं अंतिक्रेतिको द्यायला तयार आहे. आई मागच्या धुण्याच्या खोलीत राहील. चौदा तारखेला तिनं आनंदानं होकार दिला. घर तुम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे, म्हणून तुमचीही सही हवी. तीन सप्टेंबरला नोटरीकडे या. सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय. येताना सुक्रेची चॉकलेटं आणा.

लोभ वाढावा, लाल शाई आटावी.

तुमचा,
रामिरो

सुक्रे, २४ ऑगस्ट

चि. रामिरो यास आशीर्वाद, या खेपेस मोजकेच.

बाविसांतून अठरा गेले, उरले चार. दोन वर्षांनी बावीस परत करायचे. ते कोठून आणणार? तेव्हा धुण्याच्या खोलीलाही भाडेकरू पाहशील आणि आईला गच्चीवर चढवशील. याला तू गुंतवणूक म्हणतोस!

घर आम्हा भावंडांचे आहे. त्याची वाटणी झालेली नाही; परंतु जिथे तुझ्या आईची खाट आहे ती खोली माझ्या वाट्याची, असे मी आजपासून धरतो. सही करणार नाही.

मी दोन्या निकोलासाशी फोनवर बोललो. मिनीबसला तिनेच गिऱ्हाईक आणले आहे, तिचा मेहुणा. तो सोळा हजार डॉलर देईल. उरलेले दोन हजार मी घालीन आणि तुझ्याकडून व्याजासह वसूल करीन. पुढचा भाडेकरू महिन्याच्या भाड्याने येईल आणि हप्ता त्यातून जाईल.

आईला जप. एवढे जमले, तर आमचा लोभ कायम आहे.

सातुर्निनो

ता. क. तुझ्या दोन्ही पत्रांतील तारखा दुरुस्त करून देत आहे.

५ मार्च २०२२: ‘पहिली कमाई’ नव्हे. तू दोन्या निकोलासाचा देणेकरी झालास तो दिवस.

५ मार्च २०२४: ‘करार वाढला’ नव्हे. संपला.

१४ ऑगस्ट: ‘आईने आनंदाने होकार दिला’ नव्हे. त्या दिवशी तिने मला फोन केला आणि धुण्याच्या खोलीत खाट मावेल का, असे विचारून रडली.

३ सप्टेंबर: माझी सही नव्हे. सकाळी दहा वाजता मिनीबसच्या किल्ल्या घेऊन नोटरीच्या दारात उभा राहा. दोन्या निकोलासा आणि तिचा मेहुणा माझ्याबरोबर असतील.